टाइप करता येतं, पण खोडता येतं का?

जुळे सोलापुरातली माझी मावशी संक्रांतीच्या आधी कडक भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. यंदा दरपत्रक स्वतःच कॉम्प्युटरवर करायचं तिनं ठरवलं. एका बोटानं का होईना, टाइप करत होती. पण एखादी वेलांटी चुकली, की बॅकस्पेस दाबून धरायची, अख्खी ओळ पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून! "अगं, पाटीसारखंच ना हे?" म्हणाली. नव्या माणसाचा वेळ टाइप करण्यात जात नाही, दुरुस्ती न येण्यात जातो. म्हणून आधी तेवढंच शिकू.

नोटपॅड, म्हणजे विंडोजमधलं साधं लिहायचं पान, उघडा. वर्डही चालेल, पण तिथल्या बटणांच्या गर्दीत बिचकायला होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडून घ्या. मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला, की इंग्रजीवरून मराठीवर येता येतं. आता ही ओळ टाइप करा:

कडक भाकऱ्या, शेंगा चटणी, तिळगूळ. पाव किलोपासून घरपोच.

'भाकऱ्या'पाशी बहुतेक जण अडतात. साधा र वापरला तर 'भाकर्या' होतं, आणि आपल्या गावात भाकरीचं नाव चुकवून कसं चालेल? इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (मराठी अक्षरांची बटणांवरची ठरलेली मांडणी) शिफ्ट धरून J दाबा, म्हणजे ऱ येईल. मग D म्हणजे हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), स्लॅशच्या (/) बटणावर य आणि E वर काना. झालं ऱ्या.

आता कर्सर. लुकलुकणारी उभी रेघ म्हणजे कर्सर. माउसबरोबर फिरतो तो बाण वेगळा. मावशी बाण चुकीवर नेऊन ठेवायची आणि टाइप करायची. अक्षरं मात्र ओळीच्या शेवटी उमटायची. बाण नेल्यावर एकदा क्लिक करा, रेघ तिथे लुकलुकू दे, मगच बोट चालवा. होम दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, एंड दाबलं की शेवटी.

बॅकस्पेस कर्सरच्या आधीचं खोडतं, डिलीट पुढचं. मराठीत आणखी एक गंमत आहे. बॅकस्पेस जोडाक्षर तुकड्यातुकड्यानं खोडतं: ऱ्या मधला आधी काना, मग य, मग हलन्त, शेवटी ऱ. डिलीट मात्र आख्खं ऱ्या एका फटक्यात उडवतं. म्हणजे 'चटणि' असं ऱ्हस्व पडलं, तर कर्सर णि च्या लगेच पुढे ठेवा, बॅकस्पेस एकदाच दाबा आणि दीर्घ वेलांटी द्या. ण तसाच राहतो.

हात चुकून सगळं गेलं तर? कंट्रोल आणि झेड. घाबरून दुसरं काही दाबण्याआधी हे. वर्डमध्ये अशा बऱ्याच पायऱ्या मागे जाता येतं. जुन्या नोटपॅडमध्ये फक्त शेवटची कृती उलटते.

सण संक्रांतीचा, तर तिळगूळ पहिला हवा. त्या शब्दावर डबल क्लिक करा, तो रंगेल. रंगलेला असताना भलतं बटण दाबलं तर शब्द जातो, सांभाळा. कंट्रोल-एक्सने उचला, ओळीच्या सुरुवातीला क्लिक करा, कंट्रोल-व्हीने ठेवा. मूळ जागी ठेवून नक्कल हवी असेल तर एक्सऐवजी सी. स्वल्पविराम मात्र आपल्यालाच जागेवर लावावे लागतात. उचलून ठेवायची ही सोय १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली.

एकच शब्द वीस ठिकाणी बदलायचा असेल तर कंट्रोल-एच. वरच्या चौकटीत जुना शब्द, खालच्या चौकटीत नवा. इथे घाई नको. मावशीनं 'पाव'चं 'अर्धा' केलं आणि सगळे एकदम बदलले. तळाशी 'पावती घ्यावी' होतं, त्याचं 'अर्धाती घ्यावी' झालं! 'पाव किलो' असा पूर्ण तुकडा शोधायला हवा होता.

कंट्रोल-एस अधूनमधून दाबत राहा. लाईट विचारून जात नाही. जुन्या विंडोजवर नोटपॅडमध्ये फाइल ठेवताना एन्कोडिंगच्या (अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या) जागी यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पुन्हा उघडल्यावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. छपाईला द्यायची तर कंट्रोल-पी दाबून प्रिंटरच्या यादीतून पीडीएफ निवडा. मग दुकानदाराकडे कुठले फॉन्ट आहेत याची काळजी नाही.

देण्याआधी आकडे दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला सांगा. आम्ही ते केलं नाही. मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला, तो दिसला छापून आल्यावर. मग मावशी आणि मी भाकऱ्या थापायच्या ओट्याशेजारी बसून पन्नास कागदांवर पेनानं तो आकडा सुधारत होतो.