बोकडाची अख्खी तंगडी घरच्या ओव्हनमध्ये भाजताना

बीफ रोस्टच्या परदेशी कृती आपल्याकडेही आवडीने वाचल्या जातात; परंतु २०१५ पासून राज्यात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्यामुळे नागपूरच्या घरात अख्खा भाजायचा तुकडा म्हणजे बहुधा बोकडाची मागची तंगडी. त्या कृतींमधले तापमान आणि वेळ जसेच्या तसे तिला लावले, तर मांस वातड होते. गोमांसाच्या चांगल्या तुकड्यात धाग्यांमधून चरबी पसरलेली असते आणि तो आतून गुलाबी राहिला तरी मऊ लागतो. बोकडाच्या तंगडीत मात्र चरबी कमी आणि चिवट तंतू जास्त असतात, व ते विरघळण्यासाठी मांसाचा गाभा बराच वेळ चांगला तापलेला राहावा लागतो. म्हणून मंद आच आणि घट्ट झाकण यांना पर्याय नाही.

तंगडी सव्वा किलोच्या आसपासची, कोवळ्या बोकडाची घ्यावी. ती ओव्हनच्या ट्रेमध्ये मावेल की नाही हे आधी मोजून पाहावे आणि गरज असल्यास खाटकाकडूनच नळीचा सांधा तोडून घ्यावा. वरचा पांढरा, चकाकणारा पापुद्रा सुरीचे टोक आत सरकवून सोलून काढावा, कारण तो आक्रसतो आणि मसाला आत जाऊ देत नाही. त्यानंतर हाडापर्यंत पोचणाऱ्या सात-आठ खाचा द्याव्यात.

मीठ मसाल्याच्या आधी, एकटेच लावावे. सव्वा किलोला १५ ग्रॅम मीठ सगळीकडे, खाचांतसुद्धा, चोळून तंगडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. मीठ सुरुवातीला मांसातले पाणी बाहेर ओढते, पण काही तासांत तेच खारे पाणी पुन्हा आत मुरते आणि भाजतानाही मांसाचा रस टिकून राहतो. माझ्या मते साऱ्या कृतीत हीच पायरी सर्वांत मोलाची आहे. कच्च्या पपईचा मोह टाळावा. तिच्यामुळे वरचा थर पिठूळ होतो आणि गाभा तसाच राहतो. नागपूरच्या मे महिन्यात तर मुरवणीचे भांडे ओट्यावर ठेवूच नये.

दुसऱ्या दिवशी धणे, जिरे, काळी मिरी, मसाला वेलची, दगडफूल, खसखस आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजून, आले-लसणाबरोबर बारीक वाटावे आणि त्यात भिवापुरी मिरचीचे तिखट व चार चमचे दही मिसळावे. सावजी स्वयंपाकाची परंपरा जवसाच्या तेलाची असली तरी ते तेल कमी तापमानालाच धुरावते आणि कडवट होते; भाजण्यासाठी फल्ली तेलच (शेंगदाण्याचे तेल) वापरावे. वाटण खाचांमध्ये बोटांनी दाबून भरावे आणि तंगडी दोन तास मुरू द्यावी.

ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या पसरून त्यावर तंगडी ठेवावी, बाजूने कपभर गरम पाणी ओतावे आणि ट्रे दुहेरी फॉइलने असा बंद करावा की कडेने वाफ सुटणार नाही. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर अडीच ते तीन तास लागतात. दीड तासाने एकदा उलटावी आणि पाणी आटले असल्यास घालावे. घड्याळापेक्षा सुरीवर विश्वास ठेवावा: ती अडखळत असेल तर अजून अर्धा तास द्यावा. थर्मामीटर असल्यास तो हाडाला न टेकवता जाड भागात खुपसावा. ९० अंशांच्या आसपास आकडा आला आणि नळीपाशी मांस मागे सरकून हाड उघडे दिसू लागले की झाले. मग फॉइल काढून, ट्रेमधला रस्सा वरून चमच्याने सोडत २२० अंशांवर १५ मिनिटे भाजावे, म्हणजे मसाल्याला खरपूस रंग येतो.

बाहेर काढल्यावर २० मिनिटे सैल झाकून ठेवावी. तोवर ट्रेमधल्या रसावरची चरबी काढून, कांदा त्यातच कुस्करून तो आटवावा; हिवाळ्यात आंबिया बहाराच्या संत्र्याचा अर्धी वाटी रस त्यात फार छान लागतो, मात्र तो शेवटी घालावा. मांसाचे धागे ज्या दिशेने जातात त्यांना आडवे काप करावेत, वरून सांबार (कोथिंबीर) पेरावा आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर गरमच वाढावे. उरलेले मांस हाडावरून सोडवून, रसात बुडवून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे.