नरसंहारावरचा चित्रपट गावात दाखवण्यापूर्वी

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावात कापूस वेचणी आटोपल्यावर वाचनालयाच्या अंगणात पडदा बांधून नरसंहारावरचा चित्रपट दाखवायचा असेल, तर दाखवणाऱ्याने तो आधी स्वतः वही घेऊन पूर्ण पाहावा. जमणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती घटना याच चित्रपटातून पहिल्यांदा कळणार असते, म्हणून ही जबाबदारी त्याच्यावरच येते.

स्थळ, वर्ष, मृतांचा आकडा आणि खऱ्या नावाने येणारी माणसे वहीत टिपून ती इतिहासग्रंथांशी ताडून पाहावीत. फरक सापडतातच, पण त्यांचे वजन सारखे नसते. 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये (१९९३) जर्मन कारखानदार शिंडलर आणि त्याचा ज्यू हिशेबनीस स्टर्न दोघे बसून नाझींपासून वाचवायच्या ज्यू कामगारांची यादी टंकलिखित करतात. प्रत्यक्षात ती अनेक हातांतून गेली, मार्सेल गोल्डबर्ग या कैदी-कारकुनाचा तिच्यात मोठा वाटा होता आणि त्याने नावे घालण्यासाठी लाच घेतल्याचे बचावलेल्यांनी सांगितले आहे. हे प्रेक्षकांना जरूर सांगावे. मात्र या फरकाने त्या यादीमुळे सुमारे १,१०० जीव वाचल्याचे सत्य डळमळत नाही.

'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज'ची (२००८) गोष्ट वेगळी आहे. त्यात नाझी छळछावणीच्या प्रमुखाचा मुलगा कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी वारंवार गप्पा मारतो. आउशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीत कुंपणात वीज खेळवलेली होती, पहारे होते आणि त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना पोहोचताच विषारी वायूने मारले जात असे. हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे, ती अभ्यासकांनी टाळावी असे आउशविट्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. येथे बदल तपशिलाचा नाही: शेवटी हळहळ छावणीप्रमुखाच्या कुटुंबासाठी वाटते आणि शेजारी राहणाऱ्यांना काही ठाऊकच नव्हते असा समज पक्का होतो. असा चित्रपट मी निवडणार नाही.

कारणांची तपासणी सर्वांत बारकाईने करावी. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली सुमारे १०० दिवसांत लाखो माणसे, मुख्यतः तुत्सी या अल्पसंख्य समाजाची, मारली गेली. ही दोन टोळ्यांची अचानक पेटलेली भांडणे होती असे चित्रपट सुचवत असेल, तर बेल्जियमच्या राजवटीत ओळखपत्रांवर आलेली वांशिक नोंद आणि आरटीएलएम या तिथल्या रेडिओ केंद्रावरून तुत्सींविरुद्ध चाललेली चिथावणी यांची माहिती जोडणे आवश्यक आहे.

ही माहिती चित्रपटापूर्वीच दहा मिनिटांत, लोकांच्या बोलीत द्यावी, कारण संपल्यावर मंडळी लगेच उठतात. दुरुस्त्यांचा कागद मात्र दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फलकावर लावावा.