रेड ५ वर डेटाबेसचं कमिट रखडत होतं

नागपुरातला सर्व्हर, २ टीबीच्या ४ डिस्क, रेड ५ (डिस्क एकत्र जोडायची अशी पद्धत की एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो). वाचन झकास, कमिट (डेटाबेसमधला बदल कायमचा नोंदवणं) मात्र रखडायचं. आधी कंट्रोलरची, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची, बॅटरी पाहिली. ती बाद होती. बॅटरी गेली की कंट्रोलर सहसा राइट-बॅक (लेखन आधी कार्डाच्या मेमरीत, डिस्कवर नंतर) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहिल्यावरच काम पूर्ण) येतो, आणि रेड ५ चा भार उघडा पडतो: एका लहान लेखनासाठी जुना डेटा नि जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायची जादा माहिती) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायची. ४ फेऱ्या! रेड १० मध्ये, जिथे डेटाच्या दोन प्रती ठेवतात, २ च.

बॅटरी बदलली. बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून तपासला, मगच रेड १० केलं. जागा ६ वरून ४ टीबीवर आली. चालेल.

उन्हाळ्यात सर्व्हरच्या खोलीचा एसी बंद ठेवू नका, उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते. आणि बॅटरीशिवाय राइट-बॅक जबरदस्तीने चालू करू नकाच. वीज गेली की कमिट झालेल्या नोंदीही जातात.