इंग्रजीच्या तासाला पोटात गोळा येणाऱ्या मुलांसाठी

'बाई, पाणी पिऊन येऊ?' वाचनाची पाळी दोन बाकांवर आली की हा प्रश्न येतोच. तहान कुणालाच लागलेली नसते.

मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवून मला एकोणीस वर्षं झाली. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना पहिल्यांदा हेच सांगते, की पोरं इंग्रजीला भीत नाहीत. मोबाइलवरच्या गेममधल्या इंग्रजी सूचना त्यांना बरोबर कळतात. ती भितात मागच्या बाकावरून येणाऱ्या 'खी खी'ला. त्यामुळे व्याकरण नंतर, आधी त्या हसण्याचा बंदोबस्त.

हे मी स्वतःवरून सांगते. अकरावीला सरांनी विचारलं, 'व्हॉट इज युवर फादर?' मी उभी राहून वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना व्यवसाय विचारायचा होता. वर्ग हसला, सरही हसले. नंतर वर्षभर मी हजेरीचं 'येस सर' सोडून इंग्रजीत तोंड उघडलं नाही. 'फार्मर' हा शब्द मला पाचवीपासून येत होता!

पहिल्या आठवड्यात एक काम करा. इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकणाऱ्यांची वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली होती. सगळी नकोत. 'माझं नाव पुकारणार असं वाटलं की छाती धडधडते', 'मी बोललो तर बाकीचे हसतील' अशी चार-पाच विधानं मराठीत फळ्यावर लिहा. मुलांना चिठ्ठीवर हो-नाही लिहू द्या, नाव न घालता. मग चिठ्ठ्या वर्गासमोरच मोजा. शेजारचाही आपल्यासारखाच घाबरतो, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता वाचन. ओळीने वाचायला लावलं, की मुलं बाक मोजून आपल्या वाट्याचा परिच्छेद हेरतात आणि तेवढाच मनात घोकत बसतात. बाकी धडा कानावरून जातो. मधेच अचानक नाव पुकारणं त्याहून वाईट. मी आदल्या दिवशीच सांगते, 'उद्या तू या तीन ओळी वाचणार.' घरी दहादा वाचून आलेलं मूल वर्गात अडखळलं तरी कोसळत नाही. वाचायच्या आधी दोन मिनिटं शेजाऱ्याला कुजबुजत वाचून दाखवायचं. त्या वेळी वर्गात मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज होतो. मुख्याध्यापक डोकावले तर डोकावू देत.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. हे मला सगळ्यात जड गेलं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांना मोजून पाहिलं, तर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलंही बोलू लागली. आपल्या मुलांना तर वाक्य उलटंही करावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ हवं. मी पदराआड बोटांवर पाच मोजते.

चूक झाली तर मधेच तोडू नका. मुलगा म्हणाला, 'यस्टरडे आय गो टू बाजार', तर मी म्हणते, 'ओह, यू वेंट टू द बाजार? व्हॉट डिड यू बाय?' सुधारणा कानावर पडते आणि गप्पा चालू राहतात. 'द' विसरल्याबद्दल तर कुणाला उभं करूच नका. मराठीत तसलं काही नसतंच, मुलांनी ते आणायचं कुठून?

शब्द अडला तर मराठी शब्द घालू द्या. 'माय आजी मेक्स थालीपीठ' हे माझ्या दृष्टीने उत्तम वाक्य आहे.

हसणाऱ्याला मात्र शिक्षा करू नका, त्याने राग अडखळणाऱ्यावरच निघतो. मी आधी स्वतःची 'फादर'ची गोष्ट सांगते आणि सगळ्यांना एकदाच माझ्यावर पोटभर हसू देते. तरीही कुणी हसलंच, तर पुढच्या तीन ओळी त्याच्या. त्यालाही आदल्या दिवशी सांगूनच.

इंग्रजीच्या दिवशी उलट्या, ताप, शाळाच नको असं सारखं व्हायला लागलं, तर हे उपाय पुरत नाहीत. पालकांना भेटा, डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यायला सांगा.

पालकसभेत मी एवढंच मागते: पाहुणे आले की 'चल, इंग्लिशमध्ये बोलून दाखव' म्हणू नका. मागच्या वर्षी एक आजोबा उठून म्हणाले, 'बाई, मग काय बोलून दाखवायचं?' मी म्हटलं, पाढे म्हणायला लावा. त्यावर मागून त्यांचाच नातू ओरडला, 'नको बाई!'