मातीच्या ट्रॅकवर गाडी मागून सुटत असेल, तर मागचं सस्पेन्शन कसं लावायचं

‘गाडी मागून सुटतेय’, म्हणजे मागचं टोक पकड सोडून बाहेर घसरतंय, असं ड्रायव्हरनं सांगितलं की बहुतेकांचा हात थेट पान्याकडे जातो. मी आधी विचारतो, सुटते कुठे? वळणात शिरताना, मध्यावर, की थ्रॉटल देऊन बाहेर पडताना? तिन्ही ठिकाणची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एका ठिकाणचा इलाज दुसऱ्या ठिकाणी लावला की गाडी हमखास बिघडते.

खालचं सगळं डावीकडे वळणाऱ्या ओव्हल ट्रॅकसाठी आहे. गाडीला मागे सलग एक्सल, दोन्ही मागची चाकं एकत्र फिरणारी, आणि स्प्रिंग-शॉक एकत्र असलेली कॉइलओव्हर जोडणी असं धरलंय.

ड्रायव्हरच्या शब्दावर विसंबण्याआधी एकदा ट्रॅकच्या आतल्या बाजूला सुरक्षित जागी उभे राहा आणि गाडीची पुढची चाकं बघा. सगळे मागचं टोक बघत बसतात. पण मागचं टोक सुटायच्या जरा आधी पुढची चाकं गरजेपेक्षा जास्त डावीकडे वळलेली दिसली, तर दोष मागे नाहीच. गाडी मध्यावर पुढून सरळ निघालीय, ड्रायव्हरनं वैतागून आणखी स्टीअरिंग दिलंय, अचानक पुढच्या टायरनं पकड घेतलीय आणि त्या झटक्यात मागचं टोक बाहेर फेकलं गेलंय. ड्रायव्हर उतरून सांगतो ‘लूज आहे’, आणि त्या क्षणी त्याला तसंच जाणवलेलं असतं. तुम्ही मागची पकड वाढवलीत की पुढचं टोक अजून सरळ जातं आणि पुढच्या फेरीत झटका आणखी मोठा बसतो. अशा वेळी मागची घट्ट पकड थोडी सैल करायची आणि पुढच्या टोकाकडे बघायचं.

दोष खरंच मागे आहे अशी खात्री झाली की आधी मोजमाप. चिकटलेली माती खरवडून काढा, कारण तिचं वजन काट्यावर दिसतं. जमीन समतल, टायरची हवा शर्यतीत ठेवता तेवढीच, इंधन तेवढंच, सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाचा भार. काट्यावर घेतल्यावर गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे अडकलेले सांधे मोकळे होतील. गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, स्टँड लावा.

मागच्या डाव्या चाकावरचं वजन वजा मागच्या उजव्यावरचं, हा झाला बाईट. डावीकडे ३१० किलो आणि उजवीकडे २७० असेल तर बाईट ४० किलो. मागच्या डाव्या कॉइलओव्हरची रिंग, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारी आट्यांची कडी, आवळली की त्या चाकावर आणि तिरक्या समोरच्या, म्हणजे पुढच्या उजव्या चाकावर वजन वाढतं. उरलेल्या दोघांवरचं घटतं. डाव्या बाजूचं किंवा मागचं एकूण वजन मात्र रिंग फिरवून बदलत नाही, त्यासाठी वजनाचे ठोकळेच हलवावे लागतात. बाईट वाढला की थ्रॉटलवर डावं चाक जास्त जोरानं ढकलतं आणि गाडीचं नाक उजवीकडे रेटतं, म्हणून बाहेर पडताना मागून सुटणारी गाडी सावरते. नाक आधीच सरळ जात असेल तर उलट करा, बाईट कमी करा. गाडीची उंची न बिघडवता बाईट वाढवायचा असेल तर मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकांच्या रिंगा सारख्या आवळा आणि उरलेल्या दोघांच्या तेवढ्याच सैल करा. रिंगच्या एका पूर्ण फेऱ्याला तुमच्या गाडीत किती किलो सरकतात ते एकदा काट्यावर बघून वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उपयोगी पडत नाही.

मग स्टॅगर, म्हणजे मागच्या दोन टायरच्या घेरांतला फरक. चाकं एकत्र फिरतात, त्यामुळे उजवा टायर मोठा असल्याशिवाय गाडी स्वतःहून वळत नाही. अंदाज काढायला सोपं गणित आहे: टायरचा घेर गुणिले दोन टायरच्या मध्यांतलं अंतर, भागिले वळणाची त्रिज्या. घेर २२० सेंटीमीटर, अंतर १.६ मीटर आणि त्रिज्या ५० मीटर असेल तर सुमारे ७ सेंटीमीटर. हा नुसता आरंभबिंदू आहे, कारण मातीवर गाडी तिरकी सरकत वळते. स्टॅगर वाढवला की गाडी मोकळी वळते, कमी केला की मागचं टोक शांत होतं. हवा भरल्यावरच घेर मोजा. उजव्या टायरची हवा वाढवली की स्टॅगरही वाढतो, आणि हे विसरलं की तुम्ही एक बदल केला असं समजता, झालेले असतात दोन.

आता लिंक बार, म्हणजे एक्सल चेसीला जोडणारे दांडे. जपून हात घालावा अशी जागा हीच. मागच्या डाव्या चाकाचे बार पुढे चेसीकडे चढते असतात. थ्रॉटल दिला की एक्सल पुढे रेटतो, चढते बार चेसीला वर उचलतात आणि त्याच जोरानं टायर जमिनीत दाबला जातो. चढ वाढवला की बाहेर पडतानाची पकड वाढते. पण ब्रेक लावल्यावर जोर उलटतो: तेच बार चेसीला खाली ओढतात, टायर हलका होतो आणि वळणात शिरताना गाडी सुटते. शिवाय चेसी डावीकडून वर गेली की चढत्या बारमुळे डावं चाक थोडं पुढे सरकतं आणि एक्सल तिरका होऊन मागचं टोक बाहेर वळवतो. म्हणून फक्त शिरतानाच सुटत असेल तर मी आधी त्या बारचा चढ, तो बसवायच्या भोकांपैकी एका भोकानं, कमी करून बघतो. बार हलवल्यावर स्प्रिंग काढून एक्सल खालपासून वरपर्यंत पूर्ण हलवून बघा. बॉल जॉइंट कुठे टेकत असेल तर तिथे सस्पेन्शन कामच करत नाही. चेसीच्या एका पक्क्या खुणेपासून दोन्ही बाजूंना एक्सलपर्यंतचं अंतरही पुन्हा मोजा.

पॅनहार्ड बार, म्हणजे एक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा, डावीकडे चेसीला आणि उजवीकडे एक्सलला लावलेला असेल, आणि चेसीचं टोक उंच असेल, तर वळणात तोही चेसीला वर ढकलतो. कोन जितका तीव्र तितकी ही ढकल मोठी. हा बार आणि लिंक बार एकाच वेळी बदलू नका, कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही.

शॉकबद्दल थोडक्यात: वजन किती सरकणार ते स्प्रिंग आणि उंची ठरवतात, किती लवकर सरकणार ते शॉक. म्हणून शिरताना आणि बाहेर पडताना गाडी हेलकावे खात असेल तर शॉक बघा, मध्यावर स्थिरपणे सुटत असेल तर स्प्रिंग. मध्यावर सुटणाऱ्या गाडीला मागची उजवी स्प्रिंग एक पायरी मऊ लावली की बहुतेक वेळा पकड येते.

शर्यती सुरू झाल्या की ओली, चिकट माती वाळत जाते आणि गुळगुळीत होते. तेव्हा मागची हवा एक-दोन पौंडांनी उतरवा, स्टॅगर थोडा कमी करा, त्यानंतर बाईट वाढवा. बारची भोकं दोन शर्यतींच्या मधल्या घाईत बदलू नका, ती दुसऱ्या दिवशी काट्यावर गाडी घेऊनच हलवा.