निवडणुकीचे अंदाज आणि ‘कार ऑफ द इयर’ काळाच्या कसोटीवर कसे तपासावेत

१ जून २०२४ रोजी लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचे मतदान संपले आणि संध्याकाळी साडेसहानंतर वाहिन्यांवर मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे येऊ लागले, तेव्हा मी सोलापुरात होटगी रस्त्यावरील घरी दोनशे पानी वही उघडून बसलो होतो. त्या रात्री मी लिहिलेली एक नोंद अशी होती : चाचणी करणारी संस्था ॲक्सिस माय इंडिया, रालोआला (भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीला) ३६१ ते ४०१ जागा. ४ जूनला त्याच ओळीच्या उजव्या रकान्यात २९३ हा आकडा भरला. याच वहीच्या मागच्या बाजूने मी पुरस्कारप्राप्त मोटारींची नोंद ठेवतो, कारण वाहिनीवरचा अंदाज आणि मोटारीला मिळालेला पुरस्कार हे दोन्ही, काळाने आपले काम करण्याआधीच दिलेले निकाल असतात. अशी वही कशी ठेवावी आणि तिच्यातून काय वाचावे, हे या लेखात सविस्तर सांगतो.

प्रथम पानावर पाच रकाने आखावेत : तारीख, कोणी सांगितले, नेमके काय सांगितले, कधी तपासायचे आणि प्रत्यक्षात काय झाले. यांतील तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘लढत चुरशीची होईल’ किंवा ‘वारे बदलले आहे’ ही वाक्ये वहीत लिहूच नयेत, कारण निकाल कोणताही लागला तरी ती खरीच ठरतात. जागांचा आकडा, मतांची टक्केवारी किंवा अमुक उमेदवार निवडून येईल असे स्पष्ट विधान असेल तरच ते उतरवून घ्यावे. नोंद शाईने करावी आणि नंतर तिच्यात बदल करू नये. निकालानंतर आपली स्मृती आपल्याच बाजूने झुकते आणि ‘मला हे वाटलेच होते’ असे माणूस अगदी प्रामाणिकपणे म्हणू लागतो, याचा अनुभव मी स्वतःच्या नोंदी वाचताना अनेकदा घेतला आहे.

एका यशावरून कोणालाही प्रमाणपत्र देऊ नये. २०१४ मध्ये टुडेज चाणक्य या संस्थेने रालोआला ३४० जागा दिल्या होत्या आणि प्रत्यक्षात ३३६ मिळाल्या. त्या वेळी या संस्थेचे नाव घरोघरी पोहोचले. पुढच्याच वर्षी बिहार विधानसभेसाठी तिने भाजप आघाडीला १५५ जागांचा अंदाज दिला आणि त्या आघाडीला ५८ जागा मिळाल्या. माझ्या वहीत एका संस्थेच्या किमान आठ-दहा नोंदी झाल्याशिवाय मी तिच्याविषयी मत बनवत नाही, आणि वाचकांनीही ही घाई टाळावी असे मी आग्रहाने सुचवतो.

अंदाज का चुकतो हे समजून घेण्यासाठी मते आणि जागा यांचे नाते पाहावे लागते. २०१९ मध्ये भाजपला देशभरात ३७.३६ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या होत्या. २०२४ मध्ये मते ३६.५६ टक्के झाली आणि जागा २४० वर आल्या. म्हणजे मतांत एका टक्क्याहूनही कमी घट झाली आणि जागा त्रेसष्टने घटल्या. हजारभर लोकांच्या चांगल्या निवडलेल्या नमुन्यातही तीन टक्क्यांपर्यंत चूक संभवते. तेव्हा मतांची टक्केवारी जवळजवळ बरोबर सांगणारी चाचणीसुद्धा जागांमध्ये सपशेल चुकू शकते. म्हणून अंदाज नोंदवताना जागांबरोबर मतांची टक्केवारीही मिळाली तर अवश्य लिहावी. चूक मतांचा कल मोजण्यात झाली की त्यावरून जागांचा हिशेब करण्यात, हे त्यावरूनच कळते.

नमुना कोणाचा घेतला, हा प्रश्न सोलापूरच्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. नवी पेठेत उभे राहून केवळ मराठीत प्रश्न विचारणाऱ्या सर्वेक्षकाला पूर्व भागातील तेलुगू बोलणारा विणकर भेटणार नाही, अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा शेतकरी भेटणार नाही, आणि पंढरपूर-मोहोळच्या ऊस उत्पादकाचे मन त्याला सात रस्त्यावर कळणार नाही. पण हे सर्व एकाच लोकसभा मतदारसंघाचे मतदार आहेत. शिवाय दुरंगी लढत गृहीत धरणारा अंदाज तिसऱ्या उमेदवारापाशी अडखळतो. २०१९ मध्ये येथे भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुशीलकुमार शिंदे यांच्यापेक्षा १,५८,६०८ मतांनी पुढे होते आणि तिसऱ्या क्रमांकावरील प्रकाश आंबेडकर यांना १,७०,००७ मते मिळाली होती. २०२४ मध्ये याच मतदारसंघातून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी विजयी झाल्या. कोणताही अंदाज ऐकताना तिसऱ्या उमेदवाराची किती मते धरली आहेत, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

नमुन्याच्या चुकीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण योगायोगाने मोटारींशीच जोडलेले आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतील लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांचे पत्ते बहुतांशी मोटारींच्या नोंदणी याद्या आणि टेलिफोनच्या याद्या यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात मोटार आणि टेलिफोन बाळगणारा वर्ग सुस्थितीतला होता, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी पाव भागाहून कमी लोकांनी घेतली. साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकतील असे सांगितले आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले.

आता वही उलटी करून मोटारींच्या पानांकडे येऊ. पुरस्कार देणारे परीक्षक अनुभवी असतात आणि त्यांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. परंतु ते नवीकोरी गाडी काही दिवस चालवतात. त्या वर्षीच्या गाड्यांमध्ये नवे काय आहे, किमतीच्या मानाने काय मिळते आणि चालवायला कशी वाटते, एवढेच त्यांना तपासता येते. ऐंशी हजार किलोमीटरनंतर काय होईल, हे त्यांना विचारलेलेच नसते. म्हणून पुरस्काराच्या नोंदीत ‘कधी तपासायचे’ या रकान्यात मी पाच वर्षे आणि दहा वर्षे अशा दोन तारखा लिहितो.

युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ पुरस्काराचा १९७५ चा निकाल यासाठी अभ्यासावा. त्या वर्षी सित्रोएन सीएक्स पहिली आली आणि फोक्सवॅगन गोल्फ दुसरी. सीएक्सचे तेल आणि वायू यांवर चालणारे सस्पेन्शन खरोखर असामान्य होते आणि परीक्षकांनी दिलेला मान त्या दिवसापुरता योग्यच होता. पण सीएक्सचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले आणि गोल्फ साडेतीन कोटींहून अधिक विकली गेली. त्याआधी १९६८ चा मान मिळवलेल्या एनएसयू आरओ ८० या गाडीचे रोटरी इंजिन आतील सील लवकर झिजल्यामुळे निकामी होऊ लागले; वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या समूहात विलीन झाली.

आपल्याकडील ‘इंडियन कार ऑफ द इयर’ची सुरुवात २००६ मध्ये मारुती स्विफ्टपासून झाली. पुढील पिढ्यांच्या स्विफ्टला २०१२ आणि २०१९ मध्येही हाच मान मिळाला आणि पहिल्या पिढीच्या गाड्या आजही आपल्या रस्त्यांवर दिसतात. २०१० ची विजेती टाटा नॅनो हिच्या पानावर मी जून २०१८ मध्ये ‘महिन्याभरात एकच गाडी तयार’ असे लिहिले आणि ते लिहिताना मनापासून वाईट वाटले. २०११ ची विजेती फोर्ड फिगो. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. येथे गल्लत होऊ देऊ नये. गाडी टिकणे आणि गाडीमागची कंपनी बाजारात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. ही नोंद मी उशिरा शिकलो. पुरस्कार पाहून घेतलेल्या माझ्या एका हॅचबॅकचे उत्पादन बंद झाल्यावर पुढचा दिवा फुटला, तेव्हा तो सुटा भाग पुण्याहून यायला सात आठवडे लागले आणि तोवर अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढता आली नाही.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने ही कसोटी स्वतःच्या हातांनी लावावी, आणि त्यासाठी सोलापूरचा मे महिना उत्तम आहे. विक्रेत्याला दुपारी दोनची वेळ द्यावी आणि गाडी तासभर उन्हात उभी ठेवायला सांगावे. मग काचा लावून एसी सुरू करावा आणि गाडी न हलवता वीस मिनिटे इंजिन चालू ठेवावे. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो का, कॉम्प्रेसर चालू-बंद होताना इंजिन दचकते का आणि पंधराव्या मिनिटाला हवा पहिल्याइतकीच गार आहे का, हे शांतपणे पाहावे. दाराचे रबरी बीडिंग अंगठ्याने दाबावे. ते पापडासारखे कडक झाले असेल तर खालचे सस्पेन्शनचे रबरी बुशही त्याच वयाचे आहेत, हे लक्षात घेऊन गॅरेजमध्ये गाडी वर उचलून ते तपासून घ्यावेत. एमएच-१३ या सोलापूरच्या क्रमांकाची दहा वर्षांची गाडी यात उत्तीर्ण झाली, तर तिने येथील उन्हाळे सोसले आहेत एवढे नक्की. समुद्रकिनाऱ्याकडून आलेल्या गाडीची मात्र तळाकडची बाजू गंजासाठी वेगळी तपासावी लागते. शेवटी सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात आणि चार-पाच गॅरेजवाल्यांना ‘या मॉडेलचा कोणता भाग सर्वांत जास्त येतो?’ एवढा एकच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. उत्तरे जुळली, तर तो भाग वहीत लिहावा.

वहीत सध्या शेवटची नोंद २०२५ च्या विजेत्या महिंद्रा थार रॉक्सची आहे. डावीकडे परीक्षकांनी दिलेला मान लिहिला आहे, तपासणीची पहिली तारीख २०३० ची आहे आणि उजवा रकाना मी कोरा ठेवला आहे.