खाडीतला प्रवाह मोजताना

कोकणातल्या वाशिष्ठी नदीचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, मोजण्यासाठी मी दाभोळच्या खाडीत प्रथम उतरलो, तेव्हा मला सवय घाटावरच्या नद्यांची होती. तिथे पाण्याची पातळी वाचली की तक्त्यावरून विसर्ग सांगता येतो. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या खाली हा हिशेब चालत नाही, कारण तीच पातळी भरतीतही येते आणि ओहोटीतही, आणि दोन्ही वेळी पाणी परस्परविरुद्ध दिशांना वाहत असते. म्हणून इथे वेगच मोजावा लागतो.

होडीच्या कडेला बांधलेले एडीसीपी हे ध्वनीने प्रवाह मोजणारे यंत्र होडी काठापासून काठापर्यंत फेरी मारत असताना पाण्यात तिरपे ध्वनिस्पंद सोडते आणि गाळाच्या कणांवरून परतलेल्या ध्वनीची वारंवारता किती बदलली, यावरून थराथराचा वेग काढते. पृष्ठभागालगतचा थर, तळालगतचा थर आणि काठाची उथळ पट्टी त्याला दिसत नाही. तेवढा भाग अंदाजानेच भरला जातो, हे नवख्याने कधीही विसरू नये. क्षारतेची नोंदही डोळसपणे करावी, कारण यंत्राचा हिशेब पाण्यातल्या ध्वनीच्या वेगावर चालतो आणि तो क्षारतेनुसार बदलतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५३४ मीटर असतो, आणि कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे गोडे पाणी वाशिष्ठीत येत असल्याने खाडीची क्षारता एकसारखी राहत नाही.

उधाणाच्या ओहोटीत तळाची वाळू सरकू लागते. यंत्र तळ स्थिर धरून होडीची गती मोजत असेल, तर होडी प्रवाहाविरुद्ध चालली आहे असा त्याचा समज होतो आणि विसर्ग कमी भरतो. अशा वेळी जीपीएसचा आधार घ्यावा. त्याआधी होकायंत्राचे अंशांकन (कॅलिब्रेशन) मात्र चुकवू नये.

माझा सर्वांत जास्त गोंधळ पाणी वळताना, म्हणजे ओहोटी संपून भरती सुरू होताना, झाला. वरचे पाणी अजून समुद्राकडे जात होते आणि तळाचे खारे पाणी आत शिरू लागले होते. यंत्र बिघडले असे समजून मी नोंदी थांबवल्या आणि त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग गमावला. जड खारे पाणी गोड्या पाण्याखालून सरकते, हे पुस्तकात वाचलेले असूनही पडद्यावर मला ओळखता आले नाही.

स्थिर नदीत अनेक फेऱ्यांची सरासरी घेतात. खाडीत मात्र प्रत्येक फेरी तिच्या वेळेसह स्वतंत्र ठेवावी आणि सुमारे १२ तास २५ मिनिटांचे पूर्ण चक्र न थांबता मोजावे. तिथीची पाऊणपट करून तांडेल (होडीचे नाखवे) भरतीची वेळ सांगतात. ती किनाऱ्याची असते, खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. त्यामुळे त्या वेळेवर नेमके न विसंबता पहिली फेरी तिच्या बरीच आधी सुरू करावी.